शिवाच्या नावाचं गाऱ्हाणं

मथुराने बाटलीचं झाकण उघडलं, पाणी हुंगलं आणि मगच ती नवऱ्याच्या हातात दिली. इस्पितळातला चौथा दिवस.

पहिल्या दिवशी पोटातली कळ पाठीत गेली आणि शिवा दुमडला. स्वादुपिंडाला सूज, डॉक्टर म्हणाल्या. दारू घेता?

शिवाने मान हलवली. नाही.

त्याच्या डोक्यामागे मथुराने मान हलवली. हो.

केसपेपरवर गेलं ते हो.

(मथुराचा थोरला भाऊ ह्याच आजाराने गेला होता. तो प्यायचा.)

आज डॉक्टर सोनोग्राफीचा कागद घेऊन आल्या.

"पित्ताशयात खडे आहेत. एक नळीत अडकलाय, त्यामुळे सूज. दारूचा संबंध दिसत नाही."

त्या गेल्यावर शिवा चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

"शेठना फोन लाव गो. म्हणावं, महिन्याभरात लाँचवर येतो."

मथुरा चादरीची चुणी सरळ करत राहिली.

"लाव ना."

"शेठनी सखारामला तांडेल केल्यानी."

"बावीस वर्षं मी चालवतोय लाँच. चार दिवस थांबवेना त्यांना?"

"मीच सांगितलं त्यांना. दर्यात पिऊन काय झालं, तर लाँचवर आठ माणसं असतात."

शिवा कोपरावर उठला.

"आणि देवळात गाऱ्हाणं घातलं," ती म्हणाली. "नारळ ठेवून."

"कोण होतं?"

"सगळी."

म्हणजे गुरवाने हात जोडून मोठ्याने म्हटलं असणार: म्हाराजा, ह्या शिवाची दारू सोडव.

व्हय म्हाराजा, सगळी म्हणाली असणार. शेठ. सखाराम. जाळं ओढणारे बाकी सगळे.

व्हय म्हाराजा.

"माझ्या तोंडाला कधी वास आला तुला?"

"नाय."

"मग?"

"दादाच्या पण येत नव्हता."

शिवाने हातातली बाटली खाली ठेवली.

"मी परत जाईन देवळात," मथुरा म्हणाली. "सगळ्यांच्या देखत सांगीन, माझी चूक झाली."

"आणि सखारामला उतरवशील?"

सिस्टर कागद घेऊन आल्या. दुर्बिणीतून खडा काढायचा होता. जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. मथुराने पेन घेतलं.

"माझा भाऊ करील सही," शिवा म्हणाला.

"अहो, बायको आहेत ना इथे."

"भाऊ चिपळूणला असतो. बोलावतो त्याला."

"यायला दोन-तीन तास जातील. दुखतंय ना तुम्हाला?"

"दुखतंय."

त्याने भिंतीकडे कूस वळवली. सिस्टरांनी थोडं थांबून मथुराच्या बोटांतलं पेन हळूच काढून घेतलं.