माझ्यावर लिहिलेला डाळीचा भाव

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. बरखेडा या कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या अडगळीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. रुसून नव्हे, कुणीतरी तसा ठेवला म्हणून. अशोका गार्डन वस्तीतल्या एका सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला. सुरुवातीला माझ्यावर नाटकाच्या तालमी आणि हळदीकुंकवाच्या वेळा लिहीत. मग अच्युतराव आले.

अच्युतराव कारखान्यात आकडेवारीचं काम करत आणि उरलेल्या वेळात महागाईवर प्रबंध लिहीत. भाव का वाढतात, यापेक्षा ते वाढतील असं लोकांना का वाटतं, याचा त्यांना भारी नाद. दर महिन्याला ते वसाहतीत घरोघर जाऊन विचारत, "वहिनी, पुढच्या महिन्यात तूरडाळ काय भावाने मिळेल?" उत्तरांची सरासरी माझ्यावर ठळक अक्षरांत लिहीत. खाली त्यांचं समीकरण असे. ते मला पाठ झालं होतं: माणसाचा नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज, अधिक त्यात झालेल्या चुकीचा थोडा भाग. माणूस चुकतो, थोडं शिकतो, पुन्हा अंदाज बांधतो. किती शहाणं समीकरण! मी त्याच्या जोरावर मिरवत असे.

पण बायकांचे अंदाज समीकरणाच्या पुढेच पळू लागले. भजनाला आलेल्या नलिनीताई माझ्यावरचा आकडा वाचत आणि म्हणत, "अगंबाई, इतकी महागणार? आजच भरून ठेवते." त्यांचं पाहून शेजारीण भरे. वसाहतीच्या स्वस्त भांडारातली डाळ संपे, भाव खरंच चढे, आणि पुढच्या महिन्यात अच्युतरावांना आणखी मोठा आकडा मिळे. समीकरणात सगळे होते, फक्त मी नव्हतो. मला हे दिसत होतं, पण फळ्याला वाचा कुठली?

यात भरडल्या गेल्या सुमित्राबाई. नवरा गेल्यावर त्या कारखान्यात काम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मुलांसाठी खानावळ चालवत. साठा करण्याची ऐपत नव्हती. रोजची डाळ रोज आणायची. एका संध्याकाळी त्या रिकामी पिशवी घेऊन मंडळात आल्या.

"भाऊजी, भांडारात डाळ खतम. बाहेरचा भाव मला झेपत नाही. पोरांना वाढू काय?"

"थोडं थांबा वहिनी. भाव स्थिर होईल, गणित तसं सांगतंय."

"गणित थांबेल हो. पोरांची भूक कशी थांबणार?"

महिनाभरात खानावळ बंद पडली. पातेली विकून त्या उज्जैनला भावाकडे गेल्या.

त्यानंतर अच्युतरावांनी समीकरणात एक नवं पद घातलं: फळ्यावरच्या आकड्याचं. सगळ्या महिन्यांचे अंदाज त्यात अचूक जुळले. खडू हातात धरून ते खाली बसले आणि रडले. मलाही फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात घरोघरच्या डब्यांत किडे झाले. कुणी डाळ निवडत बसलं, कुणी फेकून दिली. नवी डाळ कुणीच घेईना, म्हणून भाव उतरला. अच्युतराव धावत उज्जैनला गेले, सुमित्राबाईंना परत आणायला. एकटेच परतले. मंडळात सगळ्यांनी विचारलं, तेव्हा त्यांनी बाईंचं उत्तर तेवढं सांगितलं: "डाळ स्वस्त झाली हो भाऊजी, पण आता पातेली कुठून आणू?"

त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं. पुढे कुणी माझ्यावर काही लिहिलं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण चारचौघांत भीतीचा आकडा लिहाल, तेव्हा तो वाचून कुणाची चूल विझेल, एवढं आधी बघा. माझ्यावरचा आकडा पुसता आला. सुमित्राबाईंची चूल कुणालाच पेटवता आली नाही.