डब्यातला रानपिंगळा

"आला! काका, उत्तर आलं!" असं ओरडत अश्विनने मला मिठी मारली, तेव्हा खोटं कशाला सांगू, मीही त्याला घट्ट धरलं. नाल्यापलीकडच्या टेकाडावरून रानपिंगळ्याची हाक येत होती.

अश्विन नागपूरचा. कुठल्याशा संस्थेकडून पक्षी शोधायला आलेला. रानपिंगळा म्हणजे भर दिवसा उघड्या फांदीवर बसणारं बुटकं घुबड. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या नसतात. आमच्या भागातून तो कधीचाच संपला, असं शहाण्यांचं म्हणणं. आणि मी ईश्वरदास, सत्तावीस वर्षं रोजंदारीचा वनमजूर, नवेगाव बांधच्या याच जंगलात तो पाहिलेला. बावीस वर्षं झाली. मोहफुलं वेचायचे दिवस होते, डोक्यावर ऊन होतं, आणि दहा हातांवर तो बसला होता.

तेव्हाच्या साहेबाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मोहाची फुलं वेचत होतास, की मोहाची पीत होतास?" झालं! गावाने माझं नाव पिंगळ्या ठेवलं. लेकीला बघायला पाहुणे आले, तेही पिंगळ्याचं घर विचारत आले. तेव्हापासून एकच हाव होती, एकदा तरी कोणी म्हणावं की ईश्वरदास खरं बोलत होता.

म्हणून अश्विनसोबत चार दिवस कुत्र्यासारखा फिरलो. त्याच्याकडे एक डबा होता. डब्यातून रानपिंगळ्याची हाक वाजवायची, मग गप्प बसून कान द्यायचा. जंगलात खरा असेल तर उत्तर देतो म्हणे. तीन दिवस कावळासुद्धा बोलला नाही. आणि आज हे.

अश्विन डोळे पुसत आमच्या मागच्या उंचवट्यावर चढला, कारण फोन तिथेच लागतो. मी ऐकत बसलो. चार हाका, मध्ये एक उचकी, मग दोन हाका. पुन्हा चार, उचकी, दोन. दहा वेळा तेच, तसूभर इकडेतिकडे नाही. अरे, जिवंत जीव असा ओरडतो का? आणि ही उचकी मी चार दिवस आमच्या डब्यात ऐकली होती.

नाला ओलांडून वर गेलो. काट्यांनी पिंडऱ्या सोलून निघाल्या. वर एका मोहाखाली हिमांशू बसला होता, आमच्याच पथकाचा, गोंदियाचा. त्याला सकाळी दोन कोस पुढच्या खोऱ्यात धाडलं होतं. फांदीला त्याचा डबा टांगलेला.

"काका, गुड न्यूज! हमको भी जवाब मिला!"

"तू इथं कायले बसून राह्यलास बे?"

"अरे, वो चढाई कौन चढेगा काका?"

मला अशी किळस आली की तिथेच थुंकलो. सकाळपासून दोन डबे एकमेकांशी बोलत होते, आणि शिकलेली माणसं आनंदाने रडत होती!

खाली येऊन अश्विनला सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. पण किती वेळ? बिडी विझेपर्यंत.

"काका, वर कळवून झालंय. उद्या पेपरात येईल," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्ही तर पाहिला होता ना? मग खोटं कुठे आहे यात?"

त्याने कागद पुढे केला. त्यावर दोन ओळी होत्या. बावीस वर्षांपूर्वी ईश्वरदास यांनी रानपिंगळा प्रत्यक्ष पाहिला. आज सकाळी त्यांनी त्याचा आवाज ओळखला. खाली सहीची जागा. साक्षीदाराशिवाय कागद जाणार नव्हता.

पहिली ओळ मी तीनदा वाचली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं म्हणणं कागदावर उतरवलं होतं, तेही 'यांनी' लावून. नाकारत नाही, जीव अडकला माझा त्या ओळीत.

"वरचं खरं हाय," मी म्हणालो. "खालचं काटा. मंग सही करतो."

"खालचं काढलं तर वरच्याला कोण विचारतो, काका? तुमच्या एकट्याच्या शब्दावर?"

घ्या! म्हणजे माझं खरं यांना पाहिजे होतं ते फक्त यांच्या खोट्याला टेकू द्यायला.

"मंग वरचंबी काटा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी नाई पाह्यला पिंगळा. कधीच नाई. गप्पा हानत होतो."

कागद त्याच्या हातात दिला आणि निघालो.

बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. भैयाजीच्या चहाच्या टपरीवर सगळे वाटच पाहत होते.

"काऊन बे पिंगळ्या, कबूल केलंस म्हणे! बावीस साल आमाले बनवून राह्यला होतास?"

मीही हसलो त्यांच्याबरोबर. दुसरं काय करणार? चहा शेणकाल्यासारखा लागला. अर्धा कप ओतून उठलो. त्यांची नाही, माझीच शिसारी येत होती. आयुष्यात एकच गोष्ट खरी पाहिली आणि तीच नाही म्हणून आलो.

घरी बायकोने, गीताबाईने, ताट वाढलं. तिच्याही कानावर गेलंच होतं. मी भात चिवडत होतो.

"आता खरंच पाह्यला होता की नाई, मलेच समजून नाई राह्यलं," मी म्हणालो.

"मोहाची टोपली माह्या डोक्यावर होती," ती म्हणाली. "म्हनून मी हालली नाई. तुमच्याकडे पाठ होती त्याची. माह्याकडे पाहून राह्यला होता थो."

मी मान वर केली. "हे इतके साल सांगतलं काऊन नाई?"

"मले कोनं इचारलं?" ती म्हणाली. मग वरणाची वाटी जवळ ओढून माझ्या भातावर वरण वाढता वाढता म्हणाली, "पिवळे डोळे होते त्याचे."