माया धरून की सोडून?

वकिलाच्या कोटाचे पुढचे दोन्ही भाग मावशींनी डाव्या बाजूचेच कापले, त्याला महिना होत आला. चाळीस वर्षांतली पहिली चूक. वकील हसला आणि नवं कापड देऊन गेला. पण तेव्हापासून कात्री उचलली की मावशींचा हात लटलट कापायचा, छातीत धडधडायचं. दुकानात कापणार त्या, शिवणार सून. कापणारीच बसली तर मशीन काय वारा शिवणार? खडूच्या रेघा मारलेलं नवं कापड टेबलावर तसंच पडून होतं.

शेवटी सुनेनं बजावलं, की एकतर फोनवरच्या समुपदेशक बाईंशी बोला, नाहीतर सोमवारपासून मी दुसरा कटर ठेवते.

"उपदेश मी आजवर दिलाय, घेतलेला नाही," मावशी म्हणाल्या. पण दुसरा कटर म्हणजे स्वतःच्या टेबलावर सवत. फोनसमोर बसल्या.

फोन दोऱ्याच्या डब्याला टेकवून सून पडद्यामागे इस्त्रीला गेली. फोनमधली बाई कसली, ओठ पिळले तर दूध निघेल अशी पोरगी. तिनं झोपेची, भुकेची चौकशी केली. मावशींनी सगळं झकास म्हणून ठोकून दिलं. मग तिनं विचारलं, मनावरचं ओझं मोजायचं झालं तर एक ते दहामध्ये किती?

मोजायचं म्हटल्यावर मावशी सावरून बसल्या. "माया धरून की सोडून?"

पोरगी गंभीर झाली. "माया सोडू नका, मावशी."

"सोडू नको? मग शिवू कुठे? अर्धा इंच तरी सोडावीच लागते."

"आणि घरच्यांसाठी?"

"घरचे खाऊन फुगतात. त्यांना दोन इंच."

पडद्यामागे सुनेला ठसका लागला. पोरगीनं मात्र ते लिहून घेतलं आणि लहानपणीही माया अशी मोजूनच मिळायची का, असं हळूच विचारलं. तेव्हा मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. शिवणीसाठी कडेला जादा कापड ठेवतात, ती माया, बाई! पोरगी लाजून हसली. आपण बटणसुद्धा आईकडून लावून घेतो, म्हणाली, ही माया जरा दाखवाल का?

अडाण्याला शिकवायचं म्हटलं की मावशींच्या अंगात यायचं. सुनेला फोन धरायला लावून त्यांनी कात्री उचलली. रेघेवरून नाही, रेघेच्या बाहेरून, असं बोलता बोलता कात्री वीतभर आत गेलीसुद्धा.

"आता छातीत काय होतंय?" पोरगीनं विचारलं.

मावशींनी खाली पाहिलं. हात कापतच होता.

"धडधडतंय," त्या म्हणाल्या. महिन्यात पहिल्यांदाच खरं बोलल्या. "पुन्हा चुकलं तर म्हणतील, म्हातारी संपली. मला दुसरं काही येत नाही गं."

पोरगीनं उपदेश केला नाही. थांबायचं का, एवढंच विचारलं.

"मध्येच थांबलं की कडेला दात पडतात," असं म्हणून मावशींनी शेवटपर्यंत कापलं. मग तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि चाळीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते सुनेला विचारलं.

"हा उजवाच ना गं? नीट बघ."

सुनेनं तुकडा स्वतःच्या छातीला लावून पाहिला. "उजवाच आहे, आई."