माती न उकरता

आमच्या कारैमेडू गावच्या पाण्याच्या टाकीवर मी एकवीस वर्षं मोटर चालवतो. सहाशे घरं या टाकीत चढणारं बोअरचं पाणी पितात. उघड्या विहिरींचं कोणी पीत नाही. चामड्याची रसायनं बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, पण त्यामागचा कचऱ्याचा ढीग तसाच राहिला. त्यातलं क्रोम झिरपून विहिरी हळदीसारख्या पिवळ्या झाल्या.

शेवटी कोर्टाचा हुकूम आला, सगळी माती उकरून न्या. गावानं फटाके लावले. मग पूंगोडी मॅडम आल्या. ही सफाई करताना आणखी काय बिघडेल ते तपासून अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. त्यांनी बारा ठिकाणी खोल भोकं पाडली आणि निघालेली माती माझ्यासमोर ओळीनं मांडली. वर पिवळी, मध्ये हातभर चिकणमाती, खाली स्वच्छ वाळू.

"अण्णा, तुमचं बोअर या वाळूतलं पाणी ओढतं," त्या म्हणाल्या. "खोदताना मधला थर फुटला, तर ते पिवळं पाणी सरळ तुमच्या टाकीत."

मी खाली वाकून तो मधला थर चिमटीत घेऊन बघितला.

ग्रामसभेत त्यांनी वेगळा मार्ग मांडला. ढीग ओला करून, झाकून जिल्ह्याच्या पक्क्या खड्ड्यात न्यायचा. खालची माती मात्र जागेवरच सुधारायची. जमिनीत गुळाचं पाणी सोडलं की मातीतले जिवाणू वाढतात आणि क्रोमचं विष उतरून ते मातीलाच चिकटून बसतं. लोक खवळले. मॅडम कारखान्याच्या मालकानं पाठवलेल्या आहेत, असंही कोणी म्हणालं. सरपंच वडिवेलु म्हणाले, "इतकी वर्षं विष सोसलं आम्ही, आणि आता त्याला गुळाचं पायसम पाजायचं?" सगळे हसले.

तेव्हा मरगदम अक्का उठल्या. विहिरीच्या पाण्यानं भात लावून लावून त्यांचे हात भेगाळले होते.

"खालची माती उकरलीच, तर टाकणार कुठं?"

जिल्ह्याच्या खड्ड्यात एवढी मावणार नव्हती; मॅडमनी तळ्याकाठच्या एका गावाचं नाव घेतलं. आमच्या अंगणवाडीसमोरून ट्रकच्या अडीच हजार फेऱ्या.

"तिथं माझी लेक दिलीय," अक्का म्हणाल्या. "आपलं दुखणं तिच्या दारात नेऊन टाकू?"

कोर्टाकडून मुदत मागून तीन महिने चार भोकांत गूळपाणी सोडून बघायचं ठरलं.

पाचव्या आठवड्यात त्या भोकांतलं पाणी काळं आलं, सडक्या अंड्यासारखा वास मारत. तासाभरात बातमी गावभर झाली. वडिवेलुंनी मोटर बंद करायला लावली आणि टँकर मागवले. मॅडम म्हणाल्या, भोकांत काही दिवस असं होणारच. बोअरचं मी विचारलं, तर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "होऊ नये. पण तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही, अण्णा."

दोन्हीकडचे नमुने वेल्लोरच्या प्रयोगशाळेत गेले. ते चार दिवस माझी बायको टँकरच्या रांगेत उभी राहायची आणि घरी आल्यावर घागर माझ्यासमोर आदळायची. भोकं पाडायला जागा दाखवली ती मीच ना. मॅडम रोज टाकीच्या पायरीवर येऊन बसायच्या, डबा न उघडता परत जायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. त्यांनी आकडे दोनदा विचारून घेतले, तळहातावर लिहिले आणि मग पदरानं तोंड पुसलं.

"बोअर स्वच्छ आहे. आणि भोकांत ते विषारी क्रोम सापडतच नाही."

मी उठून बटण दाबलं. मोटर लागली. वडिवेलु धावत आले, कागदाची वाट न बघता नळाखाली ओंजळ धरून प्यायले आणि मॅडमना म्हणाले, "अम्मा, मी सभेत फार बोललो."

मॅडमनी पायरीवर बसून डबा उघडला. तीन महिन्यांनी अहवालात त्यांनी लिहिलं की काही काळ पाण्यात लोह वाढेल, दोन वर्षं लक्ष ठेवावं लागेल, विहिरींना तोवर हात लावू नये. मरगदम अक्कांनी विचारून पाहिलं, निदान वांग्यांना ते पाणी घालू का? मॅडम नाही म्हणाल्या. अक्का म्हणाल्या, बरं, थांबते.

फोन आला त्या दिवशी मोटर लावून मी घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं, रसम दोनदा वाढलं. जेवून भर दुपारी असा झोपलो की संध्याकाळचं पाणी सोडायला वडिवेलुंनाच जावं लागलं.