हातगुण

सकाळी प्लॅटिनमच्या तारेचा सांधा तुटला, तेव्हा तिने एक शिवी हासडली आणि खणातली ग्राफाइटची कांडी काढून काचेच्या भांड्यात सोडली. पेन्सिलीतल्या शिसासारखी काळी, स्वस्त कांडी. वीज फिरायला दुसरं टोक लागतं, ते कशाचं का असेना! संध्याकाळी कारखाना काढू पाहणारे पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासमोर तिची पावडर पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवणार होती.

केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढ्या बारीक कणांची ही पावडर. प्लॅटिनमशिवाय प्लॅटिनमइतकं काम करते, असा तिचा आणि तिच्या सरांचा दावा होता. शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं होतं, आणि पदवी त्यावरच अडकली होती. पावडरीची खोड एकच. सुरुवातीला ती ढिम्म असायची. वीज सोडून बराच वेळ ठेवली की मग बुडबुडे सुटायचे. लॅबमध्ये याला ‘जागवणं’ म्हणत. ती का जागते हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. परदेशातल्या एका गटाने कळवलं, आमच्याकडे काही जागत नाही बुवा. सर म्हणाले, “अंगाई म्हणत असतील!” सगळे हसले. तीही हसली.

आज जेवणाची वेळ टळली तरी पावडर जागी होईना. शेजारच्या लॅबमधून तिने तार मागून आणली आणि दुसरं भांडं मांडलं. तीच पावडर, तेच आम्ल, फक्त कांडीच्या जागी तार. ऊन टेबलावरून खाली उतरलं, तेव्हा त्या भांड्यात बुडबुडे सुटू लागले. पहिलं भांडं मख्खच.

ती दोन्हींकडे बघत राहिली आणि मग तिच्या ध्यानात आलं. तारेतलं प्लॅटिनम आम्लात कणाकणाने विरघळत होतं आणि पावडरीवर जाऊन बसत होतं. राबत होतं ते प्लॅटिनम, नाव होत होतं पावडरीचं. जागवणं कसलं, डोंबलाचं!

सर आले. त्यांनी एक भांडं पाहिलं, मग दुसरं. त्यांना सांगावं लागलं नाही. ते स्टुलावर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

“तारेचं ठेव,” ते म्हणाले. “दुसरं कपाटात सरकव. आजचा दिवस निघू दे, मग शांतपणे बघू.”

“सर, पण...”

“अगं, तुझीच पदवी आहे ना? माझं काय, मी रिटायर व्हायला आलोच आहे.”

तिने भांडं कपाटात ठेवलं. आणि दार लावताना तिला तो आठवला. त्याच्या भांड्यात बहुधा कांडीच असायची. त्याचा आलेख दर वेळी शून्यावर, म्हणून त्याचं नाव पडलं भोपळा. सर म्हणायचे, “तुझ्या हाताला गुणच नाही रे.” शेवटी कंटाळून त्याने लॅब सोडली, आणि नंतर तिने त्याच्याशीच लग्न केलं.

तिने बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला.

“ऐक, लॅबमध्ये तू समोर काय लावायचास? तार का कांडी?”

“कांडी. मी नवा, मला तारेला हात कोण लावू देतंय? का गं?” मागे त्याच्या क्लासमधल्या मुलांचा गलका होता.

“आज मी दोन्ही लावून बघितलं, पावडर फक्त तारेच्या भांड्यात जागते.” पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, गलका बंद झाला.

“म्हणजे माझं...”

“बरोबर होतं. दर वेळी.”

आता हा काहीतरी विनोद करील, म्हणून ती थांबली. तो नेहमीच करायचा. स्वतःला भोपळा म्हणवून घेऊन पाहुण्यारावळ्यांना हसवायचा.

“आई जाईपर्यंत लोकांना सांगत होती गं,” तो म्हणाला. “आमच्या मुलाच्या हाताला गुण नाही म्हणून.”

आणि मग, “ठेवतो. मुलं थांबलीयत.”

पाहुणे आले. सर बोलत होते, त्यांचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता. तारेच्या भांड्यात बुडबुडे कसे झरझर वर येत होते! पाहुण्यांतल्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात तिने कपाट उघडलं, दुसरं भांडं आणून शेजारी ठेवलं आणि त्यात वीज सोडली.

“अगं, ते बिघडलंय,” सर घाईने म्हणाले.

“नाही सर. बिघडलंय ते शेजारचं.” पदवी गेली, हे तिला स्पष्ट दिसत होतं. “त्यात तारेतलं प्लॅटिनम पावडरीवर चढलंय. आमची पावडर खरी एवढीच आहे.”

सगळे मख्ख भांड्याकडे बघू लागले.

“आणि हे इतकी वर्षं कुणालाच दिसलं नाही?” बाईंनी विचारलं.

“एकाला दर वेळी हेच दिसायचं. आम्ही त्याला भोपळा म्हणायचो.” ती सरांकडे न बघता म्हणाली, “ते नाव मी ठेवलं होतं.”