शिसमाचं वाळवण

रुपरावांनी सदतीस वर्षं सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत फिटरची नोकरी केली. लोखंडाचं काय ते त्यांना विचारावं. कुठला पट्टा घासतो, कुठलं बेअरिंग जाणार, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. लाकडाशी मात्र त्यांचा संबंध जेवायच्या पाटापुरता. पण माणसाची खोडच अशी, की एका कामात हात बसला की सगळ्याच कामांत बसला असं त्याला वाटतं.

लाकडाचा नाद होता तो पियुषला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला. सीताबर्डीतल्या मोबाइलच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं आणि घरी येऊन ओंडके चिरण्याचे व्हिडिओ पाहत बसायचं. मागच्या जूनच्या वादळात घरामागचं शिसमाचं झाड आडवं झालं, तेव्हा शेजारीपाजारी हळहळले आणि हा बहाद्दर हरखला. ओंडका आरामशीनवर चिरायला नेऊ दिला नाही. चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवरची साखळी करवत, मागवली, तिच्या पात्यावर बसणारी चौकटही मागवली. ती चौकट ओंडक्यावरून सरकवत नेली, की सारख्या जाडीची फळी सुटते. त्याला मेघाला, म्हणजे बायकोला, कापड बेतायला मोठं टेबल करून द्यायचं होतं. ती बिचारी फरशीवर ओणवी होऊन ब्लाउज बेतायची आणि उठताना कंबर धरायची. पियुषनं ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना लाल रंग फासून ठेवला. सप्टेंबरात रिंग रोडवर त्याला ट्रकनं उडवलं. चौकटीचा खोका उघडायचाही राहून गेला.

घरात तिघं उरली. मेघा शिलाई मशीनवर, रुपरावांची बायको सुभद्राबाई देवापाशी, रुपराव अंगणात. रुपरावांना रडू येत नव्हतं, भीती वाटत होती. ही पोर एक दिवस निघून जाईल, ही भीती. सव्वीस वर्षांची मुलगी, तिला थांब म्हणायला तोंड नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. पण ती गेली की पियुष दुसऱ्यांदा जाणार, असं त्यांना वाटायचं, आणि या वाटण्यावर काही इलाज नव्हता.

होळीनंतर मेघाचा भाऊ मोहित सावनेरहून आला. चहा पिता पिता म्हणाला, आई फार आठवण काढते, अक्षय तृतीयेला ताईला न्यायला येतो. कायमचं न्यायला, असं तो म्हणाला नाही, पण रुपरावांनी ते ऐकलंच. कप अर्धा टाकून ते परसात निघून गेले. मागाहून मेघानं भावाला काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. सुनेला असलं विचारायचं तरी कसं? त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, अक्षय तृतीयेच्या आत टेबल उभं करायचं. टेबल झालं की काम वाढेल, काम वाढलं की पोर इथंच रुजेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेनसॉ बाहेर काढली, चौकटीचा खोका उघडला. यंत्र पाहिल्यावर म्हाताऱ्याच्या हातांना जाग आली, हे खरं. चौकट पात्याला आवळली, पेट्रोलमध्ये तेल कालवलं, साखळीचा एकेक दात गोल कानशीनं घासला. पहिला काप सरळ जावा म्हणून ओंडक्यावर शिडी स्क्रूनं आवळून तिच्यावरून चौकट सरकवली. मागे चिरलेल्या फटीत पाचर मारत गेले, म्हणजे पातं दाबलं जात नाही. कानठळ्या बसवणारा तो आवाज आठवडाभर गल्लीनं सोसला. त्यांना कुणी काही बोललं नाही. चार फळ्या निघाल्या, अडीच अडीच इंच जाड, अगदी एकसारख्या. सर्वांत मोठी दोन फूट रुंद, तपकिरी, काळ्या रेघांची. मेघानं तिच्यावर तळहात ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी हसली. तोंडांचा लाल रंग पाहून मात्र रुपरावांना गंमत वाटली. लोखंडाला गंज चढू नये म्हणून असा रंग देतात. लाकडाला कुठला आलाय गंज? त्यांनी दोन्हीकडून वीतभर कापून फळ्यांची तोंडं चकचकीत केली.

तेवढ्यात मेघाच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. ती आठ दिवसांसाठी सावनेरला निघाली, बॅग मोठी होती. जाताना म्हणाली, बाबा, पुढचं मी आल्यावर पाहू. रुपरावांचं लक्ष बॅगेकडेच होतं.

आता फळ्या वाळवायच्या कशा? यात विचार तो काय करायचा! नागपुरात एप्रिलचं ऊन फुकट मिळतं. कुरडया, मिरच्या, वर्षाचा गहू, सगळं गच्चीवरच वाळतं. सुभद्राबाईंच्या कुरडया तर दोन दिवसांत खणखणीत झाल्या होत्या. रुपरावांनी शेजारच्या नत्थूला आणि तीन मजुरांना बोलावून दोरानं फळ्या वर चढवल्या आणि भर उन्हात पसरल्या. नत्थू म्हणाला, उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. ते हसले.

तिसऱ्या दिवशी तोंडांना केसाएवढ्या चिरा दिसल्या. त्यांनी मनावर घेतलं नाही. पाचव्या दिवशी कडा वर उचलायला लागल्या, तेव्हा विटा ठेवल्या. लोखंड वाकलं तर दाबून सरळ होतं, हे एवढंच ज्ञान. सातव्या दिवशी दुपारी दोन वाजता गच्चीवर फटाका फुटावा तसा आवाज झाला. अनवाणीच वर धावले. ती सर्वांत मोठी फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फाटली होती. बाकीच्या तिन्ही होडीसारख्या वाकून जागोजाग उलल्या होत्या. पाय पोळत होते, तरी ते तिथंच उभे राहिले. मग खाली बसले आणि ते फाटलेले दोन भाग दोन्ही हातांनी एकमेकांकडे दाबू लागले. सदतीस वर्षांचा फिटर, आणि त्याला एक फट मिटवता येत नव्हती.

मेघा दुसऱ्या दिवशी परतली. सुभद्राबाईंनी गच्चीकडे बोट दाखवलं, तशी बॅग दारातच टाकून वर आली. रुपराव टाकीच्या सावलीत बसले होते. तिनं फटीत बोट घातलं, ते आरपार गेलं.

"सावलीत ठेवाच्या होत्या, बाबा," ती म्हणाली. "शिसमाले वाळाले वर्ष लागते. तोंडाचा लाल रंग बी चिरा पडू नये म्हूनच होता. पियुषनं सांगतलं होतं मले."

तो गेल्यापासून तिनं त्यांच्यासमोर त्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

"वर्ष कुठं होतं आपल्यापाशी?" रुपराव म्हणाले. "तू तं अक्षय तृतीयेले चालली."

"कोनं सांगतलं तुमाले?"

मेघा कठड्याला टेकून बसली. मग हळूहळू सांगू लागली. आईनं तिच्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. तिचं मन होत नव्हतं, अजून तरी नाही. पण मन होत नाही हे कारण तिकडे कुणी ऐकून घेत नव्हतं.

"मंग मोहितले मी त्याच दिवशी सांगतलं," ती म्हणाली. "पियुषचं टेबल झाल्याबिगर मी येत नाई. फळ्या वाळू द्या, मंग पाहू. आई बी कबूल झाली होती. एवढी एकच गोष्ट तिनं मानली, बाबा."

रुपराव उठले आणि वाकलेल्या फळीवरच्या विटा एकेक करून बाजूला ठेवू लागले.

"काहून नाई विचारलं मले?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "आता मोहित न्याले आला की त्याले काय सांगू?"

अक्षय तृतीया पाच दिवसांवर आली होती.