विकलेल्या गाई

त्या वर्षी आमच्या गावात एकही गाय मेली नाही. सगळ्या विकल्या गेल्या. निदान मोजणीला आलेल्यांना तरी तसंच सांगितलं गेलं.

ही अक्कल माझ्या धाकट्या दिराची. गावचं दूध संकलन केंद्र तोच चालवतो. गाठींचा आजार आला, जनावरांच्या अंगभर लिंबाएवढ्या गाठी उठायला लागल्या, तेव्हा त्याने घरोघरी जाऊन बजावलं, "मेली असं कोणी म्हणायचं नाही. आजाराचा बोभाटा झाला तर दुधाची गाडी बंद." गाडी बंद म्हणजे चूल बंद, हे कोणाला सांगावं लागत नाही. मग मेलेलं जनावर ओढ्यापलीकडे पुरायचं आणि गोठा झाडून घ्यायचा. माझी मोठी गाय अशीच गेली. रडायचीसुद्धा चोरी.

राहिली धाकटी. तिला आम्ही बाईसाहेब म्हणायचो, कारण पाणी जरा शिळं असलं की तोंड फिरवायची. पहिल्यांदाच गाभण होती. मला एकच ध्यास लागला होता, आजार लागायच्या आत हिला लस मिळायला हवी.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई मोजणीला आल्या, तेव्हा दीर सावलीसारखा त्यांच्यामागे होता. "तुमच्याकडे दोन होत्या ना?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दीर म्हणाला, "एक विकली." बाईंनी तसं लिहून घेतलं. मी लसीचं काढलं, तर म्हणाल्या, "लस थोडी आहे, ताई. जिथे जनावरं मरतायत तिथे आधी. तुमचं गाव अजून सुखरूप दिसतंय."

सुखरूप म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंची पाठ वळल्यावर मी दिराला धरलं. "मेलेल्या गाई विकताय भाऊजी, कुठल्या बाजारात हो?"

"वहिनी, जरा कळ काढा. ओसरेल."

कसलं ओसरतंय. शेजारच्या गावाने खरं सांगितलं होतं. त्यांची गाडी थांबली, पण लसही पोचली. आमच्याकडे गाडी रोज येत होती आणि केंद्रावरचे कॅन रिकामे होत चालले होते. आता त्या गाडीत काय माती भरायची होती?

शेवटी मीच उठले आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. कोणाच्या गोठ्यातल्या गेल्या, कुठे पुरल्या, सगळं सांगितलं. बाई चिडल्या नाहीत. डोक्याला हात लावून म्हणाल्या, "अहो, तुमच्या वाटची लस मी पलीकडच्या गावांना देऊन बसले. उरलीय तेवढी घेऊन उद्या येते."

दुसऱ्या दिवशी लस आली आणि दुधाची गाडी बंद झाली. गावाने मला शिव्याही घातल्या आणि जनावरं घेऊन रांगही लावली. सगळ्यात पुढे कोण? आमचे भाऊजी. माझ्याशी अबोला धरून त्याने आपल्या उरलेल्या सगळ्या गाई टोचून घेतल्या.

मग बाईसाहेबांची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला. मानेवरून हात फिरवला, परत फिरवला, आणि सुई बाजूला ठेवली.

"हिला आजार लागलाय, ताई. आता लस देता येणार नाही. औषधं देते, बघू."

मी जिवाचं रान केलं. माशा वारल्या, गाठी धुतल्या, तोंडाशी हिरवा चारा धरला. काही उपयोग झाला नाही. पोटातल्या वासरासकट ती गेली.

खड्डा खणायला दीर आला, मी बोलावलं नव्हतं तरी. एकट्याने सगळा खणला. मग हात पुसून त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "वहिनींची गाय मेली," म्हणाला. तिकडून काहीतरी विचारलं असावं. "हो, आधीचीसुद्धा मेलीच होती. विकली असं मीच सांगितलं. माझ्याही दोन मेल्यात. लिहून घ्या."

"हेच तेव्हा बोलला असतात, भाऊजी," मी म्हणाले, "तर आज ही दावणीला असती."

तो खाली मान घालून माती लोटायला लागला. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण एकट्याने लोटण्याइतकी ती माती थोडी नव्हती, म्हणून मीही फावडं घेतलं.